कलेतला उंट बघताना आधी त्याचं ओझं बघा

तुम्ही विचारलंय की वेगवेगळ्या देशांतल्या, वेगवेगळ्या काळांतल्या कलाकारांनी उंट कसा दाखवला. मी विदर्भातल्या एका खेड्यात शाळेत चित्रकला शिकवतो. आमच्याकडे उंट कुठला, असं तुम्हाला वाटेल. पण कपाशीची उलंगवाडी झाली, म्हणजे शेवटची वेचणी संपली, की कच्छचे रबारी पशुपालक मेंढरं आणि उंट घेऊन वावरांत उतरतात. गावात त्यांना काठेवाडी म्हणतात. लेंडीखतासाठी शेतकरी त्यांची मेंढरं वावरात बसवून घेतात. डेरा हलतो तेव्हा उंटावर उलटी खाट, खाटेत गोधड्या, भांडी आणि नुकती जन्मलेली कोकरं. ते बघितल्यापासून कुठल्याही चित्रातल्या उंटाचं मी आधी ओझं बघतो.

सौदी अरेबियात अल-जौफ भागातल्या खडकांवर जवळजवळ खऱ्या मापाचे उंट कोरलेत, सात-आठ हजार वर्षांपूर्वीचे. पाठीवर काही नाही, तोंडाला दोरी नाही. माणसानं उंट पाळला त्याच्या कितीतरी आधीचं हे काम.

असीरियाचा (आजच्या इराकातलं जुनं राज्य) राजा तिसरा शाल्मनेसर याच्या काळ्या स्तंभावर (इ.स.पू. ८२५च्या सुमाराचा, आता लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये) उंट बिनओझ्याचेच चाललेत, कारण तिथं उंट हीच खंडणी आहे. इराणात पर्सेपोलिस या जुन्या राजधानीतल्या जिन्यावरही राजाला नजराणा म्हणून उंट आणलेत. अरबांचा एका मदारीचा (मदार म्हणजे उंटाच्या पाठीवरचा उंचवटा), बाल्खकडच्यांचा, म्हणजे आजच्या अफगाणिस्तानाकडच्यांचा, दोन मदारींचा. मदारी मोजा, माणूस कुठला ते कळतं.

माझं मन मात्र चीनच्या तांग काळातल्या (इ.स. ६१८ ते ९०७) उंटांवर जडलंय. भाजलेल्या मातीचे, पिवळसर, हिरव्या आणि दुधी रंगाच्या झिलईचे हे उंट श्रीमंतांच्या थडग्यात ठेवत. मान वर, तोंड उघडं, ओरडणं ऐकू यावं असं. आणि ओझं किती मन लावून घडवलंय! रेशमाच्या लडी, पाण्याचा चंबू, शिकार केलेला ससा टांगलेला. रेशीम मार्गावरचा अख्खा संसार त्या दोन मदारींच्या मधे बांधलाय. शीआनजवळच्या एका थडग्यातल्या उंटावर तर वाद्यं घेतलेली माणसं बसलीत. मला तिथं आमच्या वावरातली उलटी खाटच दिसते.

अल-वासिती या चित्रकारानं १२३७ साली बगदादमध्ये रंगवलेला उंटांचा कळप पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. एकमेकांत गुंतलेले पाय, वर गेलेल्या माना, चरायला वाकलेली तोंडं आणि बाजूला राखणारी बाई. ओझं नाही, म्हणून माना सैल. उंटांत राहिलेल्या माणसाचा हात तिथं दिसतो.

रबारी आणि राजस्थानचे रायका यांच्यात कथा आहे. पार्वतीनं मातीचा एक प्राणी केला, त्याला पाच पाय झाले. चालता येईना. शंकरानं पाचवा पाय पाठीवर दुमडला, तीच मदार. मग त्याला सांभाळायला माणूस घडवला, तो त्यांचा मूळपुरुष. म्हणजे त्यांच्या मते उंट हीच आधी मूर्ती होती. पोळ्याला मातीचे बैल करणाऱ्या आमच्या पोरांना ही कथा लगेच पटते.

पुढच्या उलंगवाडीला डेरा आला की पोरांना वह्या घेऊन तिथं नेणार आहे. आधी खाट काढायची, मग कोकरं, मग उंट.