महाबळेश्वरला एप्रिलमध्ये जाड फांद्यांना चिकटलेली निळी फुलं दिसली. हे कोणतं झुडूप? पुण्यात घरी लावता येईल का?

ती अंजनी. निळ्या-जांभळ्या फुलांचे झुबके, चकचकीत जाड पानं आणि जागा महाबळेश्वर, एवढ्यावर मी पैज लावायला तयार आहे. शास्त्रीय नाव मेमेसिलॉन अम्बेलाटम. खानदेशातल्या कोरड्या रानांतला अंजन वृक्ष निराळा. इंटरनेटवर दोघांची सर्रास सरमिसळ केलेली असते.

एकेक फूल अगदी इवलंसं असतं. चार पाकळ्या, आठ पुंकेसर, आणि केसरांचे दांडेही निळे. ही फुलं शेंड्याला न येता मागच्या, पानं गळून गेलेल्या काष्ठावर येतात, म्हणून फांदीला निळं शेवाळ धरल्यासारखं दिसतं. मधमाश्या परागासाठी येतात. पुढे गोल, बोराहून लहान फळं धरतात, पिकून जांभळट काळी होतात. बुलबुलासारखे पक्षी ती खातात आणि बी दूरवर टाकतात. माणसालाही चालतात, पण तुरट. मला तरी आवडत नाहीत.

महाबळेश्वरच्या जंगलाची ओळख अभ्यासक तीन झाडांवरून देतात: अंजनी, जांभूळ आणि पिसा. पावसाळ्यात तिथे पाच-सहा हजार मिलिमीटर पाऊस कोसळतो आणि नंतर सहा-सात महिने जवळजवळ काही नाही. जांभ्या दगडावर मातीचा थर पातळ, त्यात कड्यावरचा वारा. अशा जागी वर्षभर हिरवं राहायचं तर पान चिवटच हवं, आणि वाढही बेताची. आडोशाला हीच अंजनी चांगलं झाड होते, उघड्यावर किंवा वारंवार तोड झाली तर झुडूपच राहते. तोडलेल्या बुंध्यातून ती पुन्हा फुटते. लाकूड कठीण आणि जळायला उत्तम, त्यामुळे कुऱ्हाड तिच्यावर आधी पडते. डोंगरमाथ्यावरचं ‘खुरटं रान’ पाहून लोक त्याला निरुपयोगी झुडपं म्हणतात, त्याचा मला राग येतो. त्यातल्या कित्येक खोडांचं वय त्यांच्या उंचीवरून कळणारच नाही.

मला स्वतःला सर्वांत रंजक वाटते ती तिची पानं. जांभ्याच्या मातीत ॲल्युमिनियम भरपूर असतं. बहुतेक वनस्पतींना ते मुळांपाशी सोसत नाही, पण अंजनीच्या कुळातल्या अनेक जाती ते पानांत साठवतात. रंग कापडावर पक्का बसवायला तुरटी वापरतात, तीही ॲल्युमिनियमचाच क्षार. दक्षिणेत गवताच्या चटया रंगवताना पतंगी या झाडाचं लाल रंग देणारं लाकूड आणि हिरडा यांच्याबरोबर अंजनीची पानं घालत, आणि गडद लाल रंग येई.

आता घरी लावण्याचं. रानातून रोप उपटून आणू नका. ते बहुधा जगत नाही आणि संरक्षित जंगलातून आणणं बेकायदाही आहे. देशी झाडांच्या रोपवाटिकेत अंजनी नाव घेऊनच मागा, कारण ‘जांभळ्या फुलांचं झुडूप’ म्हटलंत तर टिबूचिना हातात ठेवतील. तेही अंजनीच्याच कुळातलं, पण मूळचं ब्राझीलचं. ओळखायला पान बघा: टिबूचिनाच्या पानावर देठापासून टोकाकडे जाणाऱ्या ठळक शिरा असतात, अंजनीच्या शिरा जेमतेम दिसतात. अंगणात जमिनीत लावा, पाणी साचू देऊ नका. बाल्कनीतल्या कुंडीत रोप जगेल, पण फुलांसाठी बरीच वर्षं थांबायची तयारी ठेवा.