खासगी नोकरी, वहिनींना सातवा महिना: रजा किती, पैसे कोण देणार, आणि नवऱ्याला काय?

तुमचा प्रश्न वाचला. वहिनी, म्हणजे तुमच्या पत्नी, नाशिकच्या अंबडमधल्या कारखान्यात पॅकिंगला, महिना १८,५०० पगार, पहिलंच बाळ, सातवा महिना लागतोय. सुपरवायझर म्हणतो, "आता राजीनामा द्या, बाळ मोठं झालं की परत घेऊ." तुम्हाला रजा, पैसे आणि तुमच्या स्वतःच्या सुट्टीबद्दल विचारायचंय.

राजीनामा देऊ नका. बाकी सगळं नंतर.

हे मी ऐकीव सांगत नाही. २०१४ साली माझं पहिलं बाळंतपण होतं तेव्हा मी दुसऱ्या एका ठिकाणी कामाला होते, आणि तिथेही हेच वाक्य ऐकलं होतं. साहेब चांगल्या स्वभावाचे होते, म्हणून विश्वास ठेवला. एका छापील कागदावर "वैयक्तिक कारणास्तव" असं लिहिलेलंच होतं, मी फक्त सही केली. तेव्हा कायद्याने १२ आठवड्यांची पगारी रजा होती, ती त्या सहीसरशी गेली. मुलगी सात महिन्यांची झाल्यावर विचारायला गेले तर माझ्या खुर्चीवर दुसरी मुलगी बसलेली. भांडायला हातात काही नव्हतं, कारण कागदावर मीच काम सोडलं होतं. आता सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये पगारपत्रक, ईएसआय (कामगारांचा सरकारी विमा) आणि पीएफचं काम दहा वर्षांहून जास्त काळ बघतेय, तरी गरोदर बाई ऑफिसात आली की मी पहिलं हेच सांगते: सही करण्याआधी मला कागद दाखव.

आता पैसे. वहिनींच्या पगाराची चिठ्ठी काढा आणि ईएसआयची कपात बघा. २१,००० पर्यंत पगार असेल तर कामगाराचा पाऊण टक्का कापला जातो, मालक ३.२५ टक्के भरतो. १८,५०० चा पाऊण टक्का १३८.७५ होतो, म्हणून चिठ्ठीवर १३९ दिसले पाहिजेत. दिसत असतील तर रजेचे पैसे कंपनीच्या खिशातून जातच नाहीत, ईएसआय देतं. हे सुपरवायझरला बहुतेक माहीतही नसेल. कित्येकदा "राजीनामा द्या" यामागे सहा महिने फुकट पगार द्यावा लागेल ही भीती असते. त्याला एवढं सांगितलं तरी सूर बदलतो, मी पाहिलंय.

ईएसआयकडून २६ आठवडे, सरासरी रोजाच्या शंभर टक्के दराने पैसे मिळतात. आजारपणात मिळतात ते ७० टक्के, बाळंतपणात पूर्ण. वहिनींच्या पगाराला ही रक्कम सहा महिन्यांच्या पगाराच्या आसपास, म्हणजे लाखाच्या थोडी वर जाईल. अट एकच: आधीच्या दोन वर्गणी-काळांत मिळून ७० दिवसांची वर्गणी भरलेली हवी. एप्रिल ते सप्टेंबर एक काळ, ऑक्टोबर ते मार्च दुसरा. मधेच पगार २१,००० च्या वर गेला तरी तो काळ संपेपर्यंत कपात चालू राहते, त्यामुळे जुलैत वाढ मिळाली म्हणून घाबरू नका.

इथे एक मेख आहे, आणि अंबड-सातपूरला ती फार दिसते. वहिनी कंपनीच्या हजेरीवर आहेत की ठेकेदाराच्या? ईएसआयचा नंबर माणसाला जन्मभर एकच असतो. पण ठेकेदार बदलला की नवा माणूस जुना नंबर विचारायचे कष्ट घेत नाही, सरळ नवीन काढतो. मग ४० दिवस एका नंबरावर, ५० दुसऱ्यावर, आणि ७० कुठेच भरत नाहीत. आमच्याकडे एका मुलीचं असंच झालं होतं. दोन्ही नंबर जोडून घ्यायला तिला पोट सांभाळत बऱ्याच फेऱ्या माराव्या लागल्या. म्हणून याच आठवड्यात ईएसआयच्या पोर्टलवर वहिनींच्या नंबरावर किती दिवस जमा दिसतात ते बघा. कपात होते आणि भरणा होत नाही असंही घडतं, तेही तिथेच कळेल.

ईएसआय कापलंच जात नसेल तर मातृत्व लाभाचा कायदा लागू होतो. मूळ कायदा १९६१ चा. २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन बाळंतपणांना १२ चे २६ आठवडे झाले, तिसऱ्याला १२ च राहिले. नोव्हेंबर २०२५ पासून हा कायदा सामाजिक सुरक्षा संहितेत गेलाय, पण २६ चे २६ च आहेत. या मार्गाने पैसे मालकाने द्यायचे. बाळंतपणाच्या अपेक्षित तारखेआधीच्या १२ महिन्यांत ८० दिवस काम झालेलं हवं. हिशेब रजेआधीच्या तीन महिन्यांच्या सरासरीवर होतो, ओव्हरटाइम धरत नाहीत. आधीच्या रजेचे पैसे आगाऊ आणि उरलेले बाळंतपणाचा दाखला दिल्यापासून ४८ तासांत द्यायचे असतात. कंपनीने दवाखान्याची मोफत सोय केली नसेल तर वर ३,५०० रुपये. आणि या रजेवर असताना कामावरून काढणं बेकायदा आहे, ईएसआयवाल्यांनाही.

२६ पैकी जास्तीत जास्त ८ आठवडे आधी घेता येतात. मी २०१८ ला दुसऱ्या वेळी आधीचे फक्त तीन घेतले, माझं बसून काम होतं. वहिनींचं काम उभ्याचं आहे, त्यांनी एवढं ताणू नये. बऱ्याच जणांना माहीत नसतं, पण अपेक्षित तारखेच्या साधारण दहा आठवडे आधीपासून बाईने मागणी केली तर तिला जड किंवा तासन्‌तास उभं राहण्याचं काम देता येत नाही. सातवा महिना म्हणजे ती वेळ आलीच. अर्जात हेही एका ओळीत लिहा: "उभ्याचं काम न देता बसून करायचं काम द्यावं."

अर्ज साधाच. कधीपासून रजा हवी, अपेक्षित तारीख, डॉक्टरांचा दाखला जोडला आहे, आपण गैरहजर असताना पैसे कोणाला द्यायचे त्याचं नाव. दोन प्रती न्या. एकीवर कंपनीचा शिक्का आणि तारीख घेऊन घरी ठेवा. शिक्का देत नसतील तर रजिस्टर पोस्टाने पाठवा आणि पावती जपा. पुढे कामगार उपायुक्त कार्यालयात जायची वेळ आली तर तिथे पहिला प्रश्न त्या पावतीचाच असतो. तपासण्या आणि बाळंतपण सातपूरच्या ईएसआय रुग्णालयात विनाखर्च होऊ शकतं. खासगीत करायचं असेल तर तो खर्च तुमचा, रजेचे पैसे मात्र तरीही मिळतात.

शेजारणीने "पाच हजार मिळतात" सांगितलं असेल, ती मातृवंदना योजना. पहिल्या बाळाला ३,००० आणि २,००० असे दोन हप्ते, दुसरी मुलगी झाली तर एकदम ६,०००. पण ज्यांना नोकरीतून असाच लाभ मिळतो त्यांना ती नाही, त्यामुळे वहिनींनी त्याच्या मागे लागू नये. माझी धाकटी जाऊ पंचवटीत घरीच ब्लाऊज शिवते, तिला मिळाले. म्हणजे मिळाले असं मोबाईलवर आलं, पासबुकात काही नाही. शेवटी लक्षात आलं की पैसे आधारला जोडलेल्या खात्यात जातात, आणि तिचं आधार अजून कॉलेजच्या शिष्यवृत्तीच्या खात्याला जोडलेलं, माहेरच्या आडनावाचं. खातं सासऱ्यांच्या गावच्या शाखेतलंही नव्हे, थेट मनमाडचं! वहिनींचंही आधार कुठल्या खात्याला जोडलंय ते एकदा बघून ठेवा.

मुलगी झाली, रेशनकार्ड पिवळं किंवा केशरी असलं आणि घरचं उत्पन्न वर्षाला लाखाच्या आत असलं तर लेक लाडकी योजना आहे, मुलगी १८ ची होईपर्यंत टप्प्याटप्प्याने १,०१,०००. तुमच्या दोघांच्या पगारात ते बसत नाही.

तुमची स्वतःची रजा. केंद्र सरकारच्या नोकरीत वडिलांना १५ दिवस मिळतात. खासगीत कायद्याने शून्य. मला हे पटत नाही, पण आहे ते असं आहे. कंपनीच्या नियमावलीत असेल तर छान, नसेल तर आतापासून हक्काच्या रजा साठवा. आणि सगळ्या एकदम दवाखान्यातच संपवू नका. दवाखान्यात आई, सासू, मावशी सगळ्या असतात. नवऱ्याची खरी गरज त्या परतल्यावर लागते, दीड महिन्यानंतर, रात्री तीनला. माझ्या नवऱ्याने दुसऱ्या वेळी चार दिवस तेव्हासाठी राखून ठेवले होते.

तुमचा पगार २८,००० आहे, म्हणजे तुम्ही ईएसआयबाहेर. कंपनीचा सामूहिक आरोग्य विमा असेल तर त्यात बाळंतपणाला किती मर्यादा आहे आणि बाळाचं नाव किती दिवसांत घालायचं हे एचआरला आजच मेलने विचारा, तोंडी नको.

बाळाच्या जन्माची नोंद २१ दिवसांच्या आत महापालिकेत गेली पाहिजे. दवाखाना कळवतो, तरी घरी सोडताना आईचं आणि वडिलांचं नाव आधारप्रमाणे लिहिलंय ना, ते वाचूनच सही करा.