शंभर गेमच्या टीममध्ये घालू का?

नमस्कार,

न्यू जर्सीहून लिहिलेलं तुमचं पत्र वाचलं. मुलगा ११ वर्षांचा, ट्रॅव्हल बेसबॉल (गावोगावी टूर्नामेंटला जाणारी क्लब टीम) खेळतो, गेल्या सीझनला ७० गेम झाले, आता दुसरी एक टीम १०० गेमचं शेड्युल देतेय तर तिथे घालू का असं विचारलंय, आणि वर म्हणताय की आपला सचिनसुद्धा लहानपणी रोज मॅच खेळूनच घडला. मी स्पष्ट सांगते, नका घालू.

सचिनचं खरंय, आचरेकर सर त्याला स्कूटरवर बसवून एका मॅचवरून दुसऱ्या मॅचला न्यायचे. पण त्याच्या जोडीला नेट प्रॅक्टिस होती, संध्याकाळी सर स्टंपवर नाणं ठेवायचे ते होतं, तो भाग आपण सांगताना गाळतो. आणि क्रिकेटमध्ये आउट झाला नाहीत तर दिवसभर बॅटिंग करा की! बेसबॉलमध्ये पोरगा कितीही भारी असला तरी ६ इनिंगच्या गेममध्ये २-३ वेळाच बॅटिंगला येणार, त्यात वॉक मिळाला (चार बॉल बाहेर पडून फुकट पहिला बेस) तर बॅट फिरवायची वेळच येत नाही. शॉर्टस्टॉपला, म्हणजे दुसऱ्या-तिसऱ्या बेसच्या मध्ये फिल्डिंगला, उभा राहिला तरी ग्राउंडर, म्हणजे जमिनीवरून येणारे बॉल, येऊन येऊन किती येणार, दोन-चार. म्हणजे शुक्रवारी गाडीत बसायचं, हॉटेलात राहायचं, ५ गेम खेळून रविवारी रात्री परत यायचं आणि एवढं करून जेवढे स्विंग होतात तेवढे घरामागे टीवर (बॉल ठेवायच्या उभ्या स्टँडवर) बॉल ठेवून अर्ध्या तासात होतात. आणि चुकलं तर तिथेच थांबून परत करून बघता येतं, गेममध्ये त्यासाठी कोण थांबणार?

आता कोपराचं. रविवारी रात्री कोपर दुखतं हे तुम्ही पत्राच्या अगदी शेवटी एका ओळीत लिहिलंय, मला ते वाचून खरंच काळजी वाटली. या वयात हाडाची वाढ चालू असते, तिथे सारखा ताण चांगला नाही. मेजर लीग आणि यूएसए बेसबॉलच्या पिच स्मार्ट नावाच्या सूचना बघा, ११-१२ वर्षांच्या मुलाला दिवसाला जास्तीत जास्त ८५ पिच (म्हणजे बॅटरला टाकलेले बॉल), ६६ किंवा जास्त झाले तर ४ दिवस पिचिंग बंद, वर्षाला पिचिंग ८० इनिंगच्या आत, आणि वर्षातले ४ महिने थ्रोइंगच नाही, त्यातले २-३ महिने तरी सलग. १०० गेममध्ये हे कसं बसवणार? दोन टीम धरल्या तर अजून अवघड, प्रत्येक कोच आपल्याच टीमचे पिच मोजतो, एकूण हिशोब तुम्हालाच ठेवायला लागेल.

कॉलेजची घाई नको. डिव्हिजन वनचे (कॉलेज स्पोर्ट्सच्या सगळ्यात वरच्या गटाचे) कोच अकरावी सुरू व्हायच्या आधीच्या १ ऑगस्टपर्यंत मुलाशी रिक्रूटिंगचं (टीममध्ये घ्यायचं) बोलूच शकत नाहीत, तुमच्याकडे पाचेक वर्षं आहेत.

टीम निवडताना किती गेम हे विचारू नका, आठवड्याला किती प्रॅक्टिस आणि एका प्रॅक्टिसमध्ये प्रत्येक मुलाला किती स्विंग, किती ग्राउंडर मिळतात ते विचारा.

स्पोर्ट्सवाल्या डॉक्टरची अपॉइंटमेंट मात्र याच आठवड्यात घ्या, तोवर पिचिंग पण नाही आणि कॅचिंग (बॅटरच्या मागे कॅचर म्हणून बसणं) पण नाही. काय म्हणाले ते कळवा, मी वाट बघते.