वाचकांचे प्रश्न : पुस्तक, कात्री आणि चमचे

प्रश्न : माझी मुलगी सव्वातीन वर्षांची आहे. गेले तीन आठवडे ती रोज रात्री एकच पुस्तक वाचायला लावते. घरात दुसरी वीस पुस्तके आहेत, पण त्यांना ती हात लावू देत नाही. एखादे पान गाळले तर लगेच पकडते. मला आता त्या गोष्टीचा वीट आला आहे. ते पुस्तक काही दिवस लपवून ठेवावे का?

उत्तर : लपवू नये. गाळलेले पान मुलीला कळते, म्हणजेच गोष्टीचा क्रम आणि कोणत्या चित्रापाशी कोणते वाक्य येते हे सारे तिच्या मनात पक्के बसले आहे. अशा वेळी पुस्तक काढून घेतले, तर पीक हाताशी आल्यावर शेत सोडून दिल्यासारखे होईल. पहिल्यांदा गोष्ट ऐकताना मुलाचे सारे लक्ष ‘पुढे काय होणार’ यात गुंतलेले असते. ती काळजी मिटली की मगच ते अनोळखी शब्दांकडे आणि चित्राच्या कोपऱ्यातल्या बारीकसारीक गोष्टींकडे वळते. जेसिका हॉर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०११ मध्ये तीन वर्षांच्या मुलांवर केलेल्या अभ्यासात काही मुलांना त्याच गोष्टी पुनःपुन्हा ऐकवल्या, तर काहींना तेच नवे शब्द वेगवेगळ्या गोष्टींमधून ऐकवले. नवे शब्द दोन्ही गटांच्या कानांवर सारख्याच वेळा पडले होते, तरीही तीच गोष्ट ऐकणाऱ्या मुलांच्या ते अधिक चांगले लक्षात राहिले.

आपला कंटाळा मात्र खरा आहे आणि त्यावर उपायही आहे : पुस्तक तेच ठेवावे, वाचण्याची रीत बदलावी. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात दोन-तीन वर्षांच्या मुलांच्या पालकांना महिनाभर एवढेच करायला सांगितले होते, की वाचताना मुलाला अधिक बोलू द्यावे, ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढ्यावर उत्तर संपणार नाही असे प्रश्न विचारावेत आणि मूल जे बोलेल त्यात थोडी भर घालून ते परत म्हणावे. तुलनेसाठी घेतलेल्या गटातले पालकही तेवढ्याच वेळा वाचत होते, पण महिन्याअखेरीस बोलण्याच्या बाबतीत पहिल्या गटातली मुले स्पष्टपणे पुढे गेलेली दिसली. ‘कुत्रा पळाला’ असे मुलगी म्हणाली, तर आपण ‘हो, तो काळा कुत्रा घाबरून झाडामागे पळाला’ असे म्हणावे. ओळखीचे वाक्य अर्ध्यावर सोडून थांबावे. उरलेले ती आनंदाने पुरे करते. मात्र प्रत्येक पानावर प्रश्न विचारून गोष्टीची तोंडी परीक्षा करू नये. एका बैठकीला दोन-तीन प्रश्न पुष्कळ झाले, आणि एखाद्या रात्री तर एकही विचारू नये. नवे पुस्तक आणायचेच असेल, तर ‘आधी तुझे, मग माझे’ असा करार करून पाहावा. सवयीचे पुस्तक हातचे जात नाही हे एकदा कळले, की मुले नव्या पुस्तकाला जागा देतात.

प्रश्न : मुलगा चार वर्षांचा आहे. आम्ही सुट्टीच्या दिवशी कागदकाम करायला बसतो. मी नमुना पाहून आकार कापून देते, तो चिकटवतो, आणि पाच मिनिटांत उठून जातो. शेवटी फुलपाखरू मीच पूर्ण करते. त्याला हस्तकलेची आवड नाही, असे समजावे का?

उत्तर : आपल्या पत्रावरून असे दिसते, की कापणे, आखणे आणि रचना ठरवणे ही गमतीची कामे आपल्याकडे आहेत आणि मुलाकडे फक्त ठरलेल्या जागी तुकडा चिकटवणे उरले आहे. ते काम खरोखरच पाच मिनिटांचे आहे. माझ्या कपाटातही मुलांची म्हणून जपलेली सुबक कामे आहेत. त्यांतली निम्मी माझ्याच हातची आहेत, हे कबूल करायला हवे.

फुलपाखरू काही दिवस बाजूला ठेवून कात्री त्याच्या हाती द्यावी. गोल टोकाची, पण खरोखर कापणारी कात्री घ्यावी, कारण बोथट कात्रीत कागद नुसता दुमडतो आणि मुलाला वाटते की आपल्यालाच जमत नाही. सुरुवातीला पातळ कागदापेक्षा जरा जाड कागद बरा, कारण तो लवत नाही. त्याच्या बोटभर रुंदीच्या पट्ट्या करून द्याव्यात, म्हणजे एका कचक्यात एक तुकडा खाली पडतो. हा आवाज आणि तो पडणारा तुकडा यातच मुले पहिले काही दिवस रमतात, आणि त्यातून काही वस्तू तयार झाली नाही तरी चालते. कात्री धरताना अंगठा वरच्या बाजूला असावा. पुढे वळणदार रेघ कापायची वेळ आली, की कात्री समोर रोखून दुसऱ्या हाताने कागद फिरवायचा असतो. ही युक्ती मुलांना आपोआप सुचत नाही, ती करून दाखवावी लागते. मुलगा डावखुरा असेल तर डाव्या हाताची कात्री मिळवावी, कारण नेहमीच्या कात्रीची पाती डाव्या हातात अशी येतात की कापायची रेघच झाकली जाते आणि पातीही एकमेकांपासून दूर सरकतात.

कापलेले तुकडे, झाकणात काढलेला थोडासा गोंद आणि एक मोठा कोरा कागद एवढे साहित्य पुरे. आपल्यालाही काही करावेसे वाटेल, आणि ते स्वाभाविक आहे. तेव्हा स्वतःचा वेगळा कागद घ्यावा आणि त्याच्या कागदावर हात चालवू नये. काम झाल्यावर ‘हे काय आहे?’ असे विचारण्यापेक्षा ‘हे कसे केलेस?’ असे विचारावे, कारण पुष्कळदा ते काहीच नसते आणि पहिल्या प्रश्नाने मुलाला उगीच एखादे नाव शोधावे लागते. यानंतरही तो पाच मिनिटांत उठला तर उठू द्यावे, पण साहित्य त्याला दिसेल असे ठेवावे.

प्रश्न : चित्र काढले किंवा पुस्तक पाहिले की आम्ही मुलीला चांदणी देतो आणि दहा चांदण्या झाल्या की भेटवस्तू. हे योग्य आहे का?

उत्तर : जे मूल मुळातच आवडीने चित्रे काढते, त्याला त्यासाठी आधी कबूल करून बक्षीस देऊ नये. मार्क लेपर, डेव्हिड ग्रीन आणि रिचर्ड निस्बेट यांनी १९७३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चित्रकलेची आवड असलेल्या बालवाडीतल्या काही मुलांना ‘चित्र काढलेस तर प्रशस्तिपत्र मिळेल’ असे आधी सांगून ते दिले होते. पुढे खेळाच्या वेळात रंग मोकळेपणी समोर ठेवले, तेव्हा या मुलांनी चित्रे काढण्यात इतर मुलांच्या जवळजवळ निम्माच वेळ घालवला. ज्यांना तेच प्रशस्तिपत्र ध्यानीमनी नसताना मिळाले होते, त्यांच्या आवडीवर असा परिणाम झाला नाही. चांदण्या बंद करताना समारंभ करण्याची गरज नाही. सध्याच्या दहा पुऱ्या होऊ द्याव्यात आणि नवा तक्ता लावू नये.

प्रश्न : नातू साडेतीन वर्षांचा आहे आणि पन्नासपर्यंत आकडे घडाघडा म्हणतो. पण ‘चार चमचे आण’ म्हटले की मूठभर घेऊन येतो. त्याला आकडे समजलेले नाहीत का?

उत्तर : त्याला आकड्यांची ओळ पाठ झाली आहे, चार म्हणजे किती, हे समजणे ही वेगळी पायरी आहे आणि ती बहुतेक मुले बरीच सावकाश चढतात. कॅरन विन यांनी १९९० मध्ये हेच दाखवले होते, की सरळ मोजता येणारी लहान मुलेही ‘इतक्या वस्तू दे’ म्हटल्यावर मूठ भरून देतात. मुलाला आधी ‘एक’ नेमका कळतो, मग काही महिन्यांनी ‘दोन’, मग ‘तीन’, आणि त्यानंतर केव्हातरी मोजताना शेवटी आलेला आकडा म्हणजेच एकूण संख्या, हे त्याच्या ध्यानात येते. म्हणून तूर्त पन्नास विसरून दोन आणि तीन यांवरच राहावे. ‘दोन चमचे आण’ असे सांगावे, आणलेले त्याच्यासमोर एकेकाला बोट लावून मोजावेत आणि शेवटी ‘दोन, हे झाले दोन चमचे’ असे म्हणावे.

पुठ्ठ्याचा एक पट घरी करता येईल. एका ओळीत दहा चौकोन आखून त्यांत १ ते १० आकडे लिहावेत आणि फाशाऐवजी एक व दोन लिहिलेली फिरकी करावी. गीता रमाणी आणि रॉबर्ट सीगलर यांच्या २००८ सालच्या अभ्यासात जेमतेम पंधरा-वीस मिनिटांच्या चार बैठकांत असा पट खेळूनही मुलांची आकड्यांची समज सुधारली होती, आणि आकड्यांऐवजी नुसते रंग असलेला पट खेळणाऱ्या मुलांत ती सुधारणा दिसली नाही. यात एक बारकावा आहे : सोंगटी तीनवर असताना दोन घरे पुढे जायचे असेल, तर ‘एक, दोन’ असे न मोजता चौकोनातले आकडे वाचत ‘चार, पाच’ असे म्हणत जायचे.

प्रश्न : थोरला पाच वर्षांचा, धाकटी दीड वर्षाची. थोरल्याला मणी ओवायला आवडतात. दोघांना एका वेळी कसे गुंतवावे?

उत्तर : एका वेळी गुंतवता येईल, पण एका जागी नाही. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांतले सुटे भाग तपासण्यासाठी ३.१७ सेंटिमीटर व्यासाचे नळकांडे वापरतात आणि त्यात पूर्ण मावणारी वस्तू घशात अडकण्याजोगी मानतात. मणी सहज मावतात. थोरल्याने धाकटीचा हात पोचणार नाही अशा उंच टेबलावर बसावे, आणि धाकटीला खाली मळलेल्या पिठाचा गोळा व एखादी वाटी द्यावी. थापणे, टोचणे आणि तोडणे यांत तिचा बराच वेळ जातो. पाण्यात फुगणारे मणी आणि बटणासारख्या चपट्या बॅटऱ्या असलेली खेळणी या घरात तूर्त नकोतच, कारण फुगणारा मणी पोटात गेल्यावर आणखी वाढतो आणि तशी बॅटरी अन्ननलिकेत अडकली तर दोन तासांतही गंभीर इजा करू शकते. ओवायला बसताना मणी मोजून द्यावेत आणि उठताना थोरल्याकडूनच मोजून परत डब्यात टाकून घ्यावेत. हिशेब जुळला तरी धाकटीला त्या खोलीत सोडण्यापूर्वी टेबलाखाली आपण स्वतः एकदा हात फिरवावा.