पोट्सडामला यायच्या आधी पडताळणी शिकून घे

एमएस्सीनंतर पीएचडीसाठी पोट्सडामला यायचं ठरतंय, विषय मशीन लर्निंगने गुरुत्वीय लहरींच्या (कृष्णविवरं किंवा न्यूट्रॉन तारे आदळताना अवकाशात उठणाऱ्या तरंगांच्या) स्रोतांची वस्तुमानं, स्पिन म्हणजे स्वतःभोवतीचं फिरणं, अंतर काढण्याचा, तर निघण्याआधी काय शिकू, असं तू विचारलंस. मी इथे हेच काम करते, म्हणून जरा सविस्तर सांगते.

वेगाचा प्रश्न बराचसा सुटलाय. पोट्सडाम आणि ट्युबिंगनच्या माक्स प्लांक संस्थांतून २०२१ मध्ये आलेल्या 'डिंगो' या न्यूरल नेटवर्कच्या पद्धतीने एका घटनेचं, म्हणजे सापडलेल्या एका सिग्नलचं, दिवसभर चालणारं विश्लेषण २० सेकंदांवर आणलं. खरं काम आहे ते आलेल्या उत्तरावर विश्वास का ठेवायचा, हे दाखवण्याचं.

सगळे पहिल्यांदा पी-पी प्लॉट काढतात, म्हणजे नेटवर्क सांगतं ती खात्री प्रत्यक्षाशी जुळते का याचा आलेख. प्रायरमधून (डेटा बघण्याआधी धरलेल्या शक्यतांमधून) पॅरामीटर निवडून कृत्रिम सिग्नल बनवायचे आणि ९० टक्क्यांच्या पट्ट्यात खरी किंमत ९० टक्के वेळा सापडते का ते बघायचं. पण नेटवर्क काहीच न शिकता प्रत्येक वेळी प्रायरच परत देत असेल, तरी ते या चाचणीत पास होतं! म्हणून प्रत्येक घटनेला इम्पॉर्टन्स सॅम्पलिंग लाव: नेटवर्कने दिलेल्या प्रत्येक सॅम्पलला, म्हणजे पॅरामीटरच्या एकेका संभाव्य संचाला, वजन द्यायचं: खरा लाइकलीहूड (त्या किमती धरल्या तर हा डेटा येण्याची शक्यता) गुणिले प्रायर, भागिले नेटवर्कने त्याला दिलेली संभाव्यता. पुरेशी सॅम्पल टिकली तर नेटवर्क बरोबर. मोजकीच टिकली, तर एक तर नेटवर्क चुकलंय किंवा डेटा त्याने शिकलेल्यासारखा नाही. डिंगोच्या गटाने ४२ घटनांवर हे केलं, तेव्हा मध्यक कार्यक्षमता, म्हणजे टिकलेल्या सॅम्पलचं प्रमाण, साधारण १० टक्के आली आणि ती उत्तम मानली जाते.

दुसरी अडचण नॉइजची. १७ ऑगस्ट २०१७ ला न्यूट्रॉन ताऱ्यांची टक्कर ऐकू आली, तेव्हा अमेरिकेतल्या लिव्हिंगस्टनच्या लायगो वेधशाळेच्या नोंदीत ऐन सिग्नलवर मोठा ग्लिच, म्हणजे उपकरणातला क्षणिक गोंगाट, होता. गाउसियन, म्हणजे एकसारख्या, सुरळीत नॉइजवर शिकलेल्या नेटवर्कला असलं काही ठाऊकच नसतं.

तेव्हा घरीच सुरुवात कर. सप्टेंबर २०१५ मध्ये गुरुत्वीय लहरी पहिल्यांदा टिपल्या गेल्या, त्या घटनेचा डेटा खुला आहे. त्यावर आधी 'बिल्बी' हे नेहमीच्या पद्धतीचं सॉफ्टवेअर चालव, मग स्वतःचं छोटं नेटवर्क, आणि दोन्ही पोस्टेरियर (डेटा बघितल्यानंतर उरलेल्या शक्यता) एकमेकांवर ठेवून बघ. अंतर आणि कक्षेचा कल यांची गुंतागुंत, म्हणजे जवळचा पण कललेला आणि दूरचा पण समोरून दिसणारा स्रोत सारखेच वाटणं, तिथेच कळेल. पुण्यात असशील तर आयुका या खगोलशास्त्राच्या संशोधन संस्थेतल्या लोकांना जरूर भेट. हिंगोली जिल्ह्यात औंढ्याला लायगो-इंडिया ही गुरुत्वीय लहरींची वेधशाळा उभी राहतेय, हे कौशल्य तिथेही लागणार.

मुलाखतीत तूही विचार: कार्यक्षमता घसरते तेव्हा तुम्ही काय करता? नीट उत्तर देणारा गट निवड.

बाकी, करार पूर्ण पदाचा की काही टक्क्यांचा, हे सही करण्याआधी बघ. राहायला आल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदणी करावी लागते आणि त्याला घरमालकाचं पत्र लागतं, म्हणून ते पत्र न देणारी खोली घेऊ नकोस.