चार कार्ब्युरेटरची फोर्ड, आणि घाटातली जीप

प्रश्न: माझा भाचा लॉस एंजेलिसला असतो. तिथल्या जुन्या गाड्यांच्या मेळाव्यातला एक फोटो त्याने पाठवला आहे, तो सोबत जोडतो. 1932 ची टपाशिवायची फोर्ड, बॉनेट काढलेलं आणि इंजिनावर एकामागे एक चार कार्ब्युरेटर. प्रत्येकावर 97 हा आकडा दिसतो. एका इंजिनाला चार कार्ब कशासाठी? पेट्रोल चौपट लागत असेल का? की नुसती शोभा?
– एक वाचक, इचलकरंजी

उत्तर: शोभा म्हणू नका हो, त्या फोटोने माझी अख्खी संध्याकाळ घेतली! भिंग लावून पाहिला. हे कार्ब, म्हणजे हवेत पेट्रोल मिसळून इंजिनाला देणारे भाग, स्ट्रॉमबर्ग कंपनीचे. 97 म्हणजे हवा जाण्याचा गळा जिथे सगळ्यात अरुंद होतो तिथला व्यास, 0.97 इंच. एका कार्बला असे दोन गळे. फोर्डने 1936 ते 1938 या काळात आपल्या व्ही-8 ला (व्ही आकारात मांडलेल्या आठ सिलिंडरच्या इंजिनाला) कारखान्यातूनच हा कार्ब बसवला, पण एकच.

ते व्ही-8 इंजिन आलं 1932 मध्ये. सिलिंडरांचं एकूण माप 221 घनइंच, ताकद 65 हॉर्सपॉवर. आठ सिलिंडर तोवर बहुतेक महागड्या गाड्यांत असायचे, फोर्डने ते साध्या माणसाच्या गाडीत आणले. काही वर्षांत याच गाड्या जुन्या बाजारात स्वस्त झाल्या आणि दक्षिण कॅलिफोर्नियातल्या पोरांच्या हाती लागल्या. मडगार्ड काढायचे, वजन उतरवायचं आणि मोहावे वाळवंटातल्या म्युरॉक, रोझामंडसारख्या कोरड्या तळ्यांच्या सपाट मातीवर गाडी पळवायची, हा त्यांचा रविवार. तिथे त्यांना कळलं की इंजिनाला वरच्या आरपीएमला, म्हणजे मिनिटाला फेरे वाढले की, हवा पुरत नाही.

पेट्रोल चौपट लागत नाही. इंजिन किती हवा ओढणार हे सिलिंडरचं माप, आरपीएम आणि थ्रॉटल (एक्सलेटरने उघडणारी कार्बमधली झडप) किती उघडलाय यावर ठरतं आणि पेट्रोल हवेच्या प्रमाणात जातं. चार कार्बमुळे फक्त पूर्ण एक्सलेटरला वाट मोकळी होते. दुसरी गोष्ट वाटणीची. आठ सिलिंडर आळीपाळीने हवा ओढतात, दर 90 अंशांना एक. पण प्रत्येकाचा व्हॉल्व्ह त्याहून बराच जास्त वेळ उघडा असतो, म्हणजे कुठल्याही क्षणी दोन-तीन सिलिंडर एकदम ओढत असतात. एका नळावर आठ घरं असली की जवळच्याला धार आणि टोकाच्याला थेंब, तसंच इथे होतं. टोकाच्या सिलिंडरला पेट्रोल कमी पडून त्याचा प्लग पांढरा पडतो, मधल्याला जास्त होऊन काळा.

यावर ज्यांनी मन लावून काम केलं त्यांत विक एडेलब्रॉक यांचं नाव मी आदराने घेतो. लॉस एंजेलिसमधले गॅरेजवाले. 1938 मध्ये त्यांनी अशीच 1932 ची रोडस्टर घेतली आणि दोन स्ट्रॉमबर्ग बसतील असा स्वतःचा मॅनिफोल्ड (कार्बमधून सिलिंडरांकडे हवा-पेट्रोल नेणारा भाग) तयार केला. त्याला ‘स्लिंगशॉट’ म्हणत. रोज त्याच गाडीने हिंडायचं आणि सुट्टीच्या दिवशी तीच तळ्यावर पळवायची. 1941 मध्ये ती ताशी 121 मैलांच्या वर गेली, म्हणजे सुमारे 195 किलोमीटर! हाताने ट्यून केलेल्या इंजिनावर.

दोनाचे तीन, तिनाचे चार कार्ब झाले तसा त्रासही वाढला. गळ्यातून हवा जोरात गेली तरच तिथला दाब पडतो आणि जेटमधून, म्हणजे पेट्रोलच्या बारीक भोकातून, पेट्रोल वर येतं. स्लो स्पीडला चारही कार्ब एकदम उघडले तर हवा आठ गळ्यांत विभागली जाते, कुठेच जोर राहत नाही आणि गाडी अडखळते. त्यात चारही अ‍ॅक्सिलरेटर पंप (पेडल दाबताच जास्तीचं पेट्रोल देणारे) एकदम पिचकारी मारतात, प्लग ओले. म्हणून बरेच जण लिंकेज, म्हणजे पेडलपासून कार्बपर्यंतची सळ्यांची जोडणी, असं करतात की आधी एक किंवा दोनच कार्ब उघडतील आणि पेडल बरंच दाबल्यावर बाकीचे. फोटोत कार्बच्या बाजूने जी सळी गेली आहे तिच्यात लांबट खाचा दिसतात का, भाच्याला बघायला सांगा. दिसल्या तर हाच प्रकार.

मी मूळचा दुचाकीवाला. राजदूत 350 ला दोन सिलिंडर आणि दोन कार्ब, त्यामुळे दोन कार्ब एका सुरात आणणं म्हणजे काय हे माझ्या कानाला ठाऊक आहे. रबरी नळीचं एक टोक कानाशी, दुसरं कार्बच्या तोंडाशी. फुसफुस ऐकायची, मग दुसऱ्या कार्बची. दोन्ही सारखी होईपर्यंत स्क्रू फिरवत राहायचं. चार कार्बवर हेच करायचं म्हणजे एकाला हात लावला की इंजिनाची गती बदलते आणि बाकी तिघांचा आवाजही बदलतो, की पुन्हा पहिल्यापासून. ज्याने ही गाडी नीट चालती ठेवली आहे तो माणूस कसबी आहे, हे त्याला न भेटता सांगतो. भाच्याने त्याला पेट्रोल पंपाचं प्रेशर जरूर विचारावं. 97 ची निडल (कार्बमध्ये येणारं पेट्रोल अडवणारी सुई) अडीच-तीन पीएसआय दाबाच्या वर टिकत नाही, कार्ब ओव्हरफ्लो होतो आणि तापलेल्या इंजिनावर पेट्रोल सांडणं म्हणजे आगीला आमंत्रण.

प्रश्न: माझ्याकडे जुनी महिंद्रा सीजे-3बी जीप आहे, पेट्रोलची. घाटात दम खाते. दोन कार्ब बसवले तर पिकअप येईल का?
– एक वाचक, सातारा

उत्तर: नको. तुमच्या हरिकेन इंजिनाचा इनटेक मॅनिफोल्ड वेगळा नाहीच, तो सिलिंडर हेडमध्येच ओतलेला आहे. कार्ब थेट हेडवर बसतो. दुसरा बसवायचा तर हेड कापावं लागेल आणि चांगलं हेड कापायला मी कुणाला सांगणार नाही.

आहे तोच कार्ब तपासा. इंजिन बंद ठेवून एअर क्लीनर काढा, गळ्यात बघत एक्सलेटर झटक्यात दाबा. पेट्रोलची धार लगेच यायला हवी. उशिरा आली किंवा नुसतीच ओघळली तर कार्बमधला पिचकारीचा पंप गेलाय. मग थ्रॉटलचा शाफ्ट बोटांनी हलवून बघा, खुळखुळला तर तिथून फुकटची हवा आत जाते. बुश घालून घ्या आणि कार्ब उतरवलाच आहे तर बुडाची गॅस्केटही नवी टाका.