फणस पाडण्याआधी वाहतूक परवान्याचे पाहा

लांज्याजवळच्या घरामागील जुना फणस पाडून त्याच्या चौकटी कराव्यात का, आणि "झाड मालकीचे आहे, आधी पाडू, कागद मागाहून पाहू" हे ठेकेदाराचे म्हणणे ऐकावे का, असे आपण विचारले आहे. आमच्याकडे याच कामात जे घडले ते आपल्या वाट्याला येऊ नये, म्हणून सविस्तर लिहितो.

लाकडाबद्दल शंका नसावी. पिवळाधमक गाभा पुढे तपकिरी होत जातो, त्याला वाळवी सहसा लागत नाही. तंजावरची वीणा फणसाचीच असते. 1964 च्या वृक्षतोड कायद्याच्या अनुसूचीत, म्हणजे परवानगीशिवाय न तोडायच्या झाडांच्या यादीत, फणस आहे, हेही आपणास ठाऊक असेलच. खरी अडचण पुढे आहे. तोडीची परवानगी हा एक कागद, आणि ओंडका सॉ मिलपर्यंत नेण्याचा वाहतूक परवाना हा दुसरा. आमची तोडीची परवानगी आली, झाड पाडले, आणि त्यानंतर वाहतूक परवान्याच्या वेळी वन कार्यालयाच्या लक्षात आले की सातबाऱ्यावर मुंबईच्या चुलत्यांचेही नाव आहे. त्यांची संमती अर्ज घेतानाच मागायला काय हरकत होती? ती दिली, तर मोजमापाला माणूस नाही. माणूस आला, तर सहीचे साहेब बैठकीला. तेवढ्यात मृग लागला. खळ्यात भिजत पडलेल्या ओंडक्याचे बाहेरचे फिकट लाकूड किडीने इतके पोखरले की बोट दाबले तरी पिठासारखा भुसा गळे, आणि टोकांच्या चिरा गाभ्यात शिरल्या. चौकटींऐवजी पाट आणि देव्हाऱ्याच्या फळ्या तेवढ्या निघाल्या. या दिरंगाईची जबाबदारी कोणीही घेतली नाही, याचा संताप मला आजही येतो.

म्हणून सर्व सहहिस्सेदारांची संमतिपत्रे पहिल्याच अर्जाला जोडा, प्रत्येक कागदाची पोच घ्या, आणि झाड दिवाळीनंतरच पाडा, म्हणजे उशीर झाला तरी कोरडे महिने हाताशी राहतात. ओंडक्याच्या दोन्ही तोंडांना त्याच दिवशी रंग फासा. मी वकील नाही. नियम बदलतात, तेव्हा तालुक्याच्या वन कार्यालयात खात्री करून घ्यावी.

माझे स्पष्ट मत विचाराल, तर झाड धरते आहे आणि बुंधा पोकळ नाही, तोवर ते पाडू नये. पाडलेच, तर पुढच्याच पावसात नवे लावा. आठळ, म्हणजे फणसाचे बी, ताजीच आणि कायमच्या जागी रुजवावी, कारण वाळली की ती उगवत नाही आणि रोपाचे सोटमूळ हलवलेले सोसत नाही. मात्र काप्याच्या, म्हणजे घट्ट गऱ्यांच्या फणसाच्या, आठळीतून कापाच येईल याची खात्री नसते. ती हवी असेल, तर दापोलीच्या कृषी विद्यापीठाच्या 'कोकण प्रॉलिफिक' या कापा जातीचे कलम घ्यावे.